एका दाण्याने हुकलेली संख्या

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही वीस अंकी विषम पूर्ण संख्या आहे. दोनाला दोनाने गुणत चौसष्टाव्या घातापर्यंत जायचे आणि आलेल्या उत्तरातून एक काढून घ्यायचा, एवढीच तिची जन्मकथा. चेकवर लिहायची वेळ आलीच, तर ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी लिहावी लागेल. रकमेच्या चौकटीत ती मावणार नाही, आणि ‘अक्षरी रुपये’ या ओळीचे काय होईल हे न बोललेलेच बरे. कोटींच्या हिशेबात ती सुमारे १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी भरते. अर्थसंकल्पाच्या बातम्यांमुळे ‘लाख कोटी’ हा शब्द आता घराघरांत रुळला आहे. पण ‘लाख कोटी कोटी’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, बोलणाऱ्याची जीभ अडखळली.

जुन्या परिभाषेतही तिची सोय नीट लागत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त दहादहापटींनी चढत जाणारी अठरा स्थाने दिली आहेत. त्यांतले शेवटचे परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. एवढ्यात कोणाचेही भागेल, अशी त्या काळची रास्त अपेक्षा असावी. प्रस्तुत संख्या मात्र या माळ्यावरूनही डोके वर काढते. त्या रीतीने ती वाचायची तर एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म, सात खर्व, तीन अब्ज, सात अर्बुद, नऊ प्रयुत, पाच लक्ष, पाच अयुत, एक सहस्र, सहा शत, एक दश आणि पाच, असे म्हणावे लागते. निखर्व आणि कोटी या दोन जागांवर शून्य असल्याने त्यांना बोलावणे नाही. एवढ्या मोठ्या संख्येत नेमकी कोटीची जागा रिकामी निघावी, हा योगायोग आहे; पण तिचा पुढचा स्वभाव पाहता तो तिला शोभतो.

अंकांकडे पाहिले तर आणखी एक गंमत दिसते. वीस अंकांच्या या गर्दीत चार हा अंक चार वेळा येतो, एक, पाच आणि सात हे तीनतीन वेळा येतात, शून्यही दोनदा हजेरी लावते. एकच अंक कुठे सापडत नाही, तो म्हणजे दोन. चौसष्ट वेळा राबला तो दोन, आणि उत्तराच्या फोटोत तोच नाही. अंकांची बेरीज ८७ होते. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणून मूळ संख्येलाही ३ ने जातो आणि ९ ने जात नाही. शेवटचा अंक ५ असल्याने ५ चा प्रश्न पहिल्या नजरेतच मिटतो. ७, ११ आणि १३ यांपैकी कोणालाही ती दाद देत नाही.

दशमानात अशी अस्ताव्यस्त दिसणारी ही संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की एकदम शिस्तीत येते. तिथे ती म्हणजे ओळीने चौसष्ट एक. मध्ये शून्य नाही, खाडाखोड नाही. चाराच्या पायावर लिहिली तर बत्तीस तीन येतात, सोळाच्या पायावर लिहिली तर सोळा वेळा ‘एफ’ हे अक्षर. दहा बोटांमुळे माणसाने दशमान धरले आणि या संख्येचे रूप बिघडले. त्यात संख्येचा काही दोष नाही.

तिचे सगळे वैभव त्या वजा केलेल्या एकात आहे. नुसता दोनाचा चौसष्टावा घात ही गणिताच्या दृष्टीने रुक्ष चीज आहे. तिचे अवयव पाडायला बसले तर दोन, दोन, दोन असे चौसष्ट वेळा म्हणण्यापलीकडे काम नाही. त्यातून एक काढला की सगळे दोन एका दमात पसार होतात आणि भलतीच मंडळी आत येतात. मराठी माणूस अहेराच्या पाकिटात पाचशेवर एक रुपया घालतो आणि त्या एका रुपयाने पाकिटाला अर्थ येतो. इथे तोच अर्थ एक काढून घेतल्याने येतो. लग्नात असे करून पाहू नये.

संख्येची सर्वांत प्रसिद्ध कथा बुद्धिबळाच्या पटाची आहे. तेराव्या शतकात इब्न खल्लिकान याने आपल्या चरित्रकोशात ती सांगितली आहे. सिस्सा इब्न दाहिर नावाच्या गृहस्थाने हा खेळ शोधून शिहराम या हिंदुस्थानी राजाला दाखवला. राजा खूश झाला आणि ‘माग, काय हवे ते’ म्हणाला. कोणत्याही कथेत राजाने हे वाक्य उच्चारले की पुढे राज्याचे काही खरे नसते. सिस्साने पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा मागितला, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि अशी दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजाला ही मागणी फारच किरकोळ वाटली. हिशेब कारकुनांकडे गेला, आणि बेरीज आली ती हीच.

हा हिशेब ओळीओळीने पाहण्यासारखा आहे. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम धरू. पटाच्या पहिल्या ओळीतली आठ घरे भरली की २५५ दाणे होतात, म्हणजे दहा ग्रॅम. त्यात एक पोळीही होत नाही. दुसरी ओळ संपेपर्यंत ६५,५३५ दाणे, म्हणजे अडीच किलोच्या थोडे वर. पिशवी घेऊन गेलेल्या माणसाला दुकानदार ‘एवढेच?’ विचारील. तिसऱ्या ओळीअखेर ६७१ किलो होतात. राजाच्या मनात अजून काळजी नाही, फार तर हमाल बोलवावा लागेल. चौथी ओळ संपली, म्हणजे अर्धा पट झाला, की १७२ टन होतात. याच टप्प्यावर बहुतेक राजे समाधानाने जेवायला उठतात.

पुढच्या प्रत्येक ओळीला बेरीज २५६ पट होते. पाचव्या ओळीअखेर ४४ हजार टन. आजच्या हिशेबात साधारण सोळा-सतरा मालगाड्या. सहावीअखेर सव्वा कोटीला थोडे कमी टन, म्हणजे आज भारतात वर्षभरात पिकणाऱ्या गव्हाचा साधारण दहावा हिस्सा. सातवीअखेर २८८ कोटी टन. सगळे जग आज वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकवते, तेव्हा इथेच साडेतीन वर्षांचे जागतिक पीक संपले. आठवी ओळ पूर्ण झाली की आकडा सुमारे ७३,८०० कोटी टनांवर जातो. तो चुकता करायला आजच्या जगाला नऊशेहून अधिक वर्षे लागतील, तीही मध्ये कोणी पोळी न खाल्ल्यास.

अर्ध्या पटापर्यंत गोष्ट कोठारात मावते आणि उरलेल्या अर्ध्यात पृथ्वी अपुरी पडते, याचे कारण दुपटीच्या एका साध्या गुणधर्मात आहे: कोणत्याही घरातले दाणे हे आधीच्या सर्व घरांतल्या एकूण दाण्यांपेक्षा बरोबर एकाने जास्त असतात. चौथ्या घरात आठ, आधीच्या तिन्हींत मिळून सात. दहाव्या घरात ५१२, आधीच्या नऊंत ५११. म्हणून चौसष्टावे घर एकटे ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८ दाणे घेऊन बसते आणि उरलेली त्रेसष्ट घरे एकत्र येऊनही त्याच्यापुढे एका दाण्याने हरतात. पासष्टावे घर असते, तर त्यात संपूर्ण पटापेक्षा एक दाणा जास्त पडला असता. तो कमी पडलेला दाणा म्हणजेच या संख्येतला ‘वजा एक’. सिस्साचे पुढे काय झाले याबाबत कथांमध्ये मतभेद आहेत. काही कथांत तो प्रधान होतो, काहींत त्याचे डोके जाते. दोन्ही शेवट प्रशासनाच्या दृष्टीने पटण्यासारखे आहेत.

एवढी बेरीज करायला चौसष्ट घरे मोजत बसावे लागत नाही. इसवी सन १००० च्या सुमारास अल्-बिरूनीने ती वर्गाच्या रीतीने काढून दाखवली होती. छंदःशास्त्र लिहिणाऱ्या पिंगलाने तर त्याच्याही कित्येक शतके आधी लघू-गुरू अक्षरांच्या रचना मोजताना घातांक निम्मा करत जाऊन वर्ग करण्याची युक्ती वापरली होती. चौसष्टाचे निम्मे बत्तीस, त्याचे सोळा, आठ, चार, दोन, एक. उलट येताना दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, २५६ चा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६, आणि याचा वर्ग केला की चौसष्टावा घात हजर. सहा गुणाकारांत काम संपते. शेवटचा गुणाकार मात्र कागदावर करून पाहावा. हातचे सांभाळताना पिंगलाविषयीचा आदर वाढतो.

हीच संख्या दुसऱ्या एका खेळाच्या शेवटी उभी आहे. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ हे कोडे बाजारात आणले. तीन खुंट्या असतात. एकीवर लहानमोठ्या चकत्या, मोठी खाली आणि लहान वर. एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही, आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. ल्युकाने खोक्यावर स्वतःचे नाव न छापता ‘एन. क्लाउस, सयाम’ असे छापले. ही ‘अमियाँचा ल्युका’ या स्वतःच्याच नावागावाच्या फ्रेंच अक्षरांची उलथापालथ होती. ज्या कॉलेजचा हवाला दिला होता तेही त्याच्या सेंट लुई विद्यालयाच्या नावाची अक्षरे हलवून तयार केलेले होते. सोबतची कथा काशीतल्या देवळाची: तिथे हिऱ्याच्या तीन सुया आणि सोन्याच्या चौसष्ट चकत्या असून पुजारी त्या रात्रंदिवस हलवत आहेत, काम संपले की जगबुडी. फ्रान्समध्ये जन्मलेले, व्हिएतनामच्या नावाचे, सयामच्या प्राध्यापकाचे आणि काशीच्या देवळातले हे कोडे जगभर लोकप्रिय झाले. काशीतल्या कोणाला ते देऊळ सापडलेले नाही.

चौसष्ट चकत्यांसाठी कमीत कमी किती खेळ्या लागतात, याचे उत्तर हीच संख्या आहे. त्याचे कारणही दुपटीचेच. सर्वांत मोठी चकती हलवायची तर वरच्या त्रेसष्ट आधी बाजूला न्याव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात. म्हणजे आधीच्या खेळ्यांची दुप्पट, आणि अधिक एक. यात सर्वांत लहान चकती दर दुसऱ्या खेळीला हलते आणि सर्वांत मोठी जन्मात एकदाच. कामाची ही वाटणी पुजाऱ्यांनी ठरवलेली नाही, गणिताने ठरवली आहे. दर सेकंदाला एक या वेगाने, चहापाण्याला न थांबता, पुजाऱ्यांना सुमारे ५८,४५० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सध्या सुमारे १,३८० कोटी वर्षे धरतात. जगबुडीची चिंता करणाऱ्यांनी या दिशेने निर्धास्त राहावे.

तिसरा प्रसंग खास आपल्याकडचा आहे. परंपरेने कला चौसष्ट मानल्या आहेत. एखाद्या माणसाला यांपैकी कोणत्या येतात आणि कोणत्या नाहीत, याच्या वेगवेगळ्या शक्यता मोजायच्या, तर प्रत्येक कलेला ‘येते’ किंवा ‘येत नाही’ अशी दोनच उत्तरे असल्याने दोनाचा चौसष्टावा घात मिळतो. त्यातून एकही कला न येणारा गृहस्थ वगळला, की निदान एखादी तरी कला अंगी असलेल्या माणसांचे प्रकार नेमके १८४४६७४४०७३७०९५५१६१५ उरतात. पृथ्वीवर माणसे आठशे कोटींच्या घरात, तेव्हा यांतले जवळजवळ सगळे प्रकार अजून जन्माला यायचे आहेत. वगळलेला प्रकार मात्र सर्वत्र मुबलक आढळतो.

आता अवयवांकडे वळू. या संख्येचे अवयव पाडायला शाळेच्या बीजगणितातले एकच सूत्र पुरते: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. दोनाचा चौसष्टावा घात हा बत्तिसाव्या घाताचा वर्ग आणि एक हा एकाचा वर्ग. म्हणून संख्येचे दोन तुकडे पडतात: बत्तिसावा घात अधिक एक, आणि बत्तिसावा घात उणे एक. दुसऱ्या तुकड्यावर तेच सूत्र पुन्हा चालते, मग सोळाव्या घातावर, आठव्यावर, चौथ्यावर, दुसऱ्यावर. ‘हे सूत्र पुढे कुठे उपयोगी पडणार?’ असे विचारणाऱ्या पिढ्यान्पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना हे उत्तर आहे, आणि ते त्यांना पटणार नाही हेही उघड आहे. शेवटी हाती येते ते असे: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

या सहा संख्या साध्यासुध्या नाहीत. सतराव्या शतकातला फ्रेंच न्यायाधीश पिएर द फर्मा याला त्या फार आवडत. दोनाचा घात अधिक एक, आणि तो घातांकही दोनाचाच घात, अशा घराण्यातली प्रत्येक संख्या मूळ असते, असे त्याने १६४० च्या सुमारास पत्रांतून कळवले. पहिल्या पाच खरोखरच मूळ आहेत. सहावीपाशी त्याने आकडेमोड केली नाही किंवा केली ती चुकली. १७३२ मध्ये ऑयलरने तिचा पडदा उघडला: ४,२९,४९,६७,२९७ म्हणजे ६४१ × ६७,००,४१७.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दिसते, आणि ते करून पाहण्यात मजा आहे. ६४१ हे पाचाचा चौथा घात ६२५ अधिक दोनाचा चौथा घात १६, अशी बेरीज आहे. तेच ६४१ पाच गुणिले १२८ अधिक एक, असेही आहे. आणि १२८ म्हणजे दोनाचा सातवा घात. दुसऱ्या ओळखीवरून, ६४१ ने भागल्यावर पाच गुणिले दोनाचा सातवा घात याची बाकी ‘उणे एक’ धरता येते. याचा चौथा घात केला की पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात याची बाकी अधिक एक होते. पहिल्या ओळखीवरून पाचाच्या चौथ्या घाताच्या जागी उणे दोनाचा चौथा घात बसवायचा. मग उणे दोनाचा बत्तिसावा घात याची बाकी एक, म्हणजे बत्तिसावा घात अधिक एक याला ६४१ ने पूर्ण भाग. कागदाच्या चार ओळींत फर्माचे विधान कोसळते. त्यानंतर आजपर्यंत या घराण्यात सहावीपासून पुढे तपासलेली एकही संख्या मूळ निघालेली नाही. म्हणजे फर्मा जिथे थांबला, नेमके तिथपर्यंतच त्याचे बरोबर होते. अंदाज बांधणाऱ्यांच्या इतिहासात इतक्या काटेकोरपणे चुकलेले लोक थोडे.

तेव्हा प्रस्तुत संख्येचे मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक एकेकदाच येतो, म्हणून तिचे एकूण विभाजक दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८. घराबाहेर काढलेला दोन असा मागच्या दाराने परत येतो. इतके विभाजक असूनही स्वतःला सोडून बाकी सगळ्यांची बेरीज केली तर ती संख्येच्या सुमारे सत्तर टक्केच भरते. ज्या संख्येच्या अशा विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच होते तिला परिपूर्ण म्हणतात, जशी ६ किंवा २८. ही त्या मानाला पोचत नाही. गोतावळा मोठा, वर्गणी कमी.

पहिल्या पाच अवयवांची ख्याती भूमितीतही आहे. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन कोणते सुसम बहुभुज काढता येतात, हा ग्रीकांपासूनचा प्रश्न होता. १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, गाउसने सतरा बाजूंचा काढता येतो हे दाखवले. विषम बाजूंच्या बाबतीत नियम असा निघाला, की बाजूंची संख्या फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. ज्ञात असलेल्या पाचांतून असे ३१ गुणाकार होतात आणि सर्वांत मोठा म्हणजे पाचांचा मिळून ४,२९,४९,६७,२९५, अर्थात दोनाचा बत्तिसावा घात उणे एक. एवढ्या बाजूंचा बहुभुज पृथ्वीच्या विषुववृत्तावर काढला तरी प्रत्येक बाजू एक सेंटिमीटरही भरणार नाही. काढणाऱ्याने कंपास टेकवायला अगोदर पृथ्वीचा मध्य गाठावा लागेल, ही अडचण वेगळी.

योहान हेर्मेस या जर्मन गृहस्थाने त्यातल्या त्यात माफक अशा ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना लिहून काढायला दहा वर्षे घेतली. १८९४ मध्ये काम पूर्ण झाले. दोनशेहून अधिक मोठ्या पानांचे ते हस्तलिखित ग्योटिंगेनला जपून ठेवले आहे. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात हा बहुभुज काढला तर त्याची एक बाजू मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी येते, म्हणजे पाहणाऱ्याला वर्तुळच दिसणार. हेर्मेसला तसे कोणी तोंडावर म्हटल्याची नोंद नाही.

शेजार कसा आहे, तेही पाहायला हवे. एकाने पुढे दोनाचा चौसष्टावा घात, ज्याच्यात दोनाखेरीज कोणी नाही. दोनाने पुढे १८४४६७४४०७३७०९५५१६१७, म्हणजे फर्माच्या घराण्यातली सातवी. तीही फर्माला दगा देऊन गेली: १८८० मध्ये फोर्तुने लाँद्री याने वयाच्या ८२ व्या वर्षी २,७४,१७७ हा तिचा अवयव प्रसिद्ध केला. जोडीदार आहे ६७२८०४२१३१०७२१. मूळ संख्या शोधत मागे गेले तर ५८ पावलांवर एक भेटते, पुढे गेले तर १४ पावलांवर. मधल्या ७१ संख्यांच्या पट्ट्यात एकही मूळ नाही.

जरा लांब, दोनाचा सदुसष्टावा घात उणे एक ही संख्या आहे. सदुसष्ट हा घातांक मूळ असल्याने तिथे शाळेचे सूत्र हात टेकते. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक कोल याने फळ्यावर ती संख्या मांडली, बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार करून दाखवला आणि अवाक्षर न बोलता जागेवर जाऊन बसला. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. हे अवयव शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, असे त्याने नंतर सांगितल्याची आख्यायिका आहे. चौसष्टाच्या घातांकाची संख्या त्या मानाने शालीन. तिच्यासाठी एक दुपार पुष्कळ. गणितावरच्या भाषणांत ते निःशब्द भाषण आजही आदर्श मानायला हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या संख्येला पक्की नोकरी लागली. संगणक द्विमानात मोजतात आणि आजची बहुतेक यंत्रे एका वेळी चौसष्ट बिटांचा शब्द हाताळतात. सगळे बिट एक झाले की त्यात मावणारी सर्वांत मोठी बिनचिन्हाची संख्या मिळते, आणि ती हीच. तिच्यात आणखी एक मिळवला तर पासष्टावा बिट ठेवायला जागा नसल्याने यंत्र शांतपणे उत्तर देते: शून्य. त्याच न्यायाने शून्यातून एक वजा केला तर उत्तर येते १८४४६७४४०७३७०९५५१६१५. म्हणून ऋण संख्या मोजणाऱ्या पद्धतीत हेच चौसष्ट एक ‘उणे एक’ म्हणून वाचले जातात. म्हणजे सर्वांत मोठी शिल्लक आणि सर्वांत लहान उधारी यांचा यंत्रातला चेहरा अगदी एक. कोणता अर्थ लावायचा हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचे, आणि ते त्याच्या लक्षात राहत नाही.

चिन्हासह मोजताना एक बिट चिन्हाला जातो आणि मर्यादा निम्म्यावर येते. अमेरिकेत २०१३ मध्ये एका गृहस्थाच्या ऑनलाइन खात्याच्या पत्रकावर ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,८०० डॉलर शिल्लक दिसली. बुद्धिबळाच्या चौसष्टाव्या घरातले दाणे घेऊन ते सेंट समजावेत आणि शंभराने भागावे, म्हणजे शेवटच्या अंकांचा फरक सोडता हीच रक्कम येते. चूक कुठल्या जातीची, हे आकडाच सांगत होता. पत्रकावरून खात्यात जाऊन पाहिले तेव्हा शिल्लक शून्य होती. त्याआधीच्या, बत्तीस बिटांच्या मोजणीची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ हे कोरियन गाणे पाहिल्याची मोजणी या आकड्याच्या पलीकडे गेली आणि यूट्यूबला आपला मोजपट्टा चौसष्ट बिटांचा असल्याचे जाहीर करावे लागले. वेळ बत्तीस बिटांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रांची पाटी १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. चौसष्ट बिटांत सेकंद मोजले तर पुढची अडचण सुमारे २९,२२७ कोटी वर्षांनी येईल. त्या वेळी ती कोणाच्या टेबलावर पडेल हे आत्ताच ठरवण्याचे कारण नाही.

इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीत एका घराच्या जाळ्याला साधारणपणे दोनाचा चौसष्टावा घात इतके पत्ते दिले जातात, म्हणजे या संख्येहून एक जास्त. घरात फोन चार, टीव्ही एक आणि दिवाणखान्यात विसरलेला एक जुना प्रिंटर; त्यांच्यात एवढे पत्ते वाटायचे. पूर्ण पत्ता १२८ बिटांचा असतो. तिथली सर्वांत मोठी संख्या दोनाचा एकशे अठ्ठाविसावा घात उणे एक. ती फोडायलाही तेच शाळेचे सूत्र: प्रस्तुत संख्या गुणिले तिच्याहून दोनाने मोठी असलेली लाँद्रीची संख्या. म्हणजे जुने सातही अवयव तिथे जसेच्या तसे नांदतात, त्यांत २,७४,१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ या दोघांची भर पडते, आणि विभाजक १२८ चे ५१२ होतात.